आपल्या फ्रीगंजची घरं
(समाजाच्या कार्यक्रमातील भाषण)



मी राज्य शासनाचा नोकर, शिक्षण स्थापत्य पदविकेपर्यंत. त्यामुळे इतिहासापेक्षा भिंतींबद्दल बोलणं मला सोपं जाईल.

माधवराव शिंदे महाराजांच्या काळात रेल्वेलाईनच्या अलीकडे माधवनगर वसलं. तेच आपलं फ्रीगंज. सरळ रस्ते, खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्याच सुमारास नजरअली, विनोद, हिरा अशा मिलांनी उज्जैनला कापडाचं गाव केलं. मिला बंद पडल्या, भोंगे थांबले. त्या काळाची खूण म्हणून बाजारातली ही जुनी घरं मात्र उभी आहेत.

आता घराच्या वाटण्या होतात, मुलं पुण्या-बंगलोरला असतात, आणि कोणीतरी सांगतं, "घर कमजोर झालंय, पाडा." मंडळी, जुनं म्हणजे कमजोर नव्हे. घर वयाने पडत नाही, पाण्याने पडतं.

या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल बाहेर सोडतो. त्यावर आपण हौसेने सिमेंटचा गिलावा करतो, मग ओल आतच अडकते, लोणा लागतो आणि पोपडे निघतात. दोष भिंतीचा नसतो, गिलाव्याचा असतो. गर्डर-फर्शीच्या छताचंही तसंच. गच्ची गळाली की गर्डर गंजतो. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरची फर्शी उचलली जाते. कठड्यातलं पिंपळाचं रोप नुसतं वरून छाटलं तर मूळ आत वाढतच राहतं.

दुरुस्तीने काय साधतं हे पाहायला लांब जायला नको. जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा मोडकळीस आली होती. 1923 मध्ये माधवराव महाराजांनी ती दुरुस्त करवली. आजही तिथे सावलीवरून वेळ पाहता येते.

2028 चा सिंहस्थ येतो आहे. रस्ते रुंद होतील, व्हायलाही हवेत. सरकारी नोकर असून मी त्याविरुद्ध कसा बोलू! आणि ज्याला घर विकावं लागतंय त्याची अडचण त्यालाच ठाऊक. त्याला दोष देणारे आपण कोण?

तीनच गोष्टी मागतो. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे पन्हाळे साफ करा. गिलावा काढायचा असेल तर चुन्याचं काम जाणणारा कारागीर शोधा. आणि घर पाडायचंच ठरलं, तर आधी त्याचे फोटो, मोजमापाचा नकाशा आणि जुन्या कागदांच्या प्रती समाजाकडे द्या. मोजमाप घ्यायला सुटीच्या दिवशी मी टेप घेऊन येईन, चहावर काम होईल.

आपले पूर्वज इथे आले तेव्हा मराठी बोली सोबत घेऊन आले. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकवली. आता ज्या घरांत ती टिकली, त्यांच्याकडेही थोडं बघू या.

गणपती बाप्पा मोरया!