कुलाबा स्थानक बंद झाले तेव्हा

(मानक नगर, लखनौ येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



येथील आरडीएसओचे मूळ 1930 साली स्थापन झालेल्या सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिसात आहे. त्याच साली मुंबईतले कुलाबा स्थानक कायमचे बंद झाले. त्याविषयी आज बोलायचे आहे.

बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची पहिली उपनगरी गाडी 1867 साली विरारहून बॅक बेपर्यंत आली. पुढच्या दशकात रूळ चर्चगेट ओलांडून कुलाब्यापर्यंत गेले. कुलाब्याला तेव्हा कापसाचा मोठा बाजार होता आणि गाठींना रेल्वे हवी होती. 1896 साली तेथे नवे टर्मिनस उभे राहिले. 5 जानेवारी 1928 पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. टपाल खात्यातील बांधवांनी आणखी एक नोंद ठेवावी. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल त्याच वर्षी कुलाब्याहूनच सुरू झाली. विलायतेच्या डाकेची बोट लागे त्या हंगामात ती बॅलार्ड पिअरहून सुटे.

विजेच्या तारा ओढून तीन वर्षे होतात न होतात तोच हे स्थानक मोडीत निघाले. गाड्या रिकाम्या धावत होत्या म्हणून नव्हे! समुद्र हटवून नवी जमीन करण्याची बॅक बेची सरकारी योजना 1920 च्या सुमारास हाती घेतली गेली. किनाऱ्याने जाणारे रूळ त्या जमिनीच्या आड येऊ लागले. 18 डिसेंबर 1930 रोजी बॉम्बे सेंट्रल उघडले, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या आणि लोकल चर्चगेटला थांबल्या. 31 डिसेंबरला कुलाब्याचा शेवटचा दिवस ठरला. आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

बांधवांनो, यातून घ्यायचा धडा साधा आहे. स्थानकात काम भरपूर आहे, म्हणून ते सुरक्षित आहे असे समजू नका. जमिनीचा भाव वाढला की रुळांचा भाव उतरतो. इमारत पाडायला महिने लागतात, पण पॉइंट्समन, हमाल, बुकिंग क्लार्क, आर.एम.एस.चा सॉर्टर यांची बदली एका कागदावर होते. क्वार्टर सुटते, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात तुटते, सीनियॉरिटीचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळतो.

म्हणून स्थानक, शेड वा टपाल कचेरी हलवण्याची कुणकुण लागताच शाखेने चार गोष्टी लेखी मागाव्यात: किती पदे राहणार, सीनियॉरिटी कोठे धरणार, क्वार्टर केव्हा मिळणार आणि शाळेचे वर्ष संपेपर्यंत मुदत मिळणार की नाही. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. नव्या स्थानकाची फीत कापली जाण्याआधीच ही उत्तरे हातात आली पाहिजेत. नंतर ऐकायला कोणी थांबत नाही.