तिकिटावरच्या बायका

शेतातून, गोठ्यातून, चुलीपुढून, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. हातातलं काम थांबवू नका. आज बोलायचंय पोस्टाच्या तिकिटांविषयी.

तिकीट म्हटलं की बचत गटातल्या आपल्याला रेव्हेन्यू तिकीट आठवतं. कर्ज घेतलं की पावतीवर चिकटवायचं आणि वर सही करायची. पोस्टाच्या तिकिटाकडे मात्र कोण निरखून बघतं? म्हणून आमच्या गटांनी ठरवलं, मासिक बैठकीत हप्ते आणि व्याजाचा हिशेब झाला की अर्धा तास तिकिटांचा. प्रत्येकीनं घरातल्या जुन्या पत्रावरचं एखादं तिकीट आणायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना तिकिटं जमवायचा नाद आहे. त्यांनी आपली वहीच आमच्याकडे दिली. ज्यांच्या घरी पत्र सापडलं नाही, त्यांनी वहीतलं तिकीट निवडलं.

पहिलं तिकीट निघालं अहिल्यादेवींचं, १९९६ सालचं, दोन रुपयांचं. आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक. जन्म ३१ मे १७२५. नवरा लढाईत गेला, पुढं सासरे गेले, मुलगा गेला, तरी महेश्वरला बसून तिनं राज्य चालवलं. ज्या बाईनं हे तिकीट निवडलं, ती शिलाईचं काम करते. ती म्हणाली, "देवळं आणि घाट बांधले हे सगळे सांगतात. मला आवडतं ते महेश्वरच्या साडीचं. विणकर बोलावले, त्यांना काम दिलं, आणि ती साडी आजही विकली जाते." २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षं झाली, तेव्हा ३१ मे रोजी त्यांच्यावर पुन्हा तिकीट निघालं आणि ३०० रुपयांचं नाणंही. आता तर जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे.

दुसरं तिकीट सावित्रीबाईंचं, १९९८ सालचं. ते निघालं १० मार्चला. का, ठाऊक आहे? १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं आपल्या नगरशीही नातं आहे. मिस फरार नावाच्या मिशनरी बाईंच्या इथल्या शाळेत त्यांनी शिकवण्याचे धडे घेतले. म्हणजे मुलींना शिकवणारी पहिली मास्तरीण काही काळ आपल्या नगरची विद्यार्थिनी होती. हे ऐकून आमच्यातली एकजण म्हणाली, "मग माझ्या नातीला नगरला कॉलेजात पाठवायला घरचे एवढा विचार का करतात?" यावर बराच वेळ बोलणं झालं. त्या नातीचा फॉर्म आता भरलाय.

गुरुजींच्या वहीत दोन तिकिटं शेजारी शेजारी लावली होती. एक पंडिता रमाबाईंचं, १९८९ सालचं, साठ पैशांचं. दुसरं महर्षी कर्व्यांचं, १९५८ सालचं, पंधरा नव्या पैशांचं. ही दोन शेजारी का, हे आम्हाला आधी कळेना. त्याची गोष्ट अशी. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवण्यासाठी. तिथं शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. पुढं १८९३ साली कर्व्यांनी याच गोदूबाईंशी लग्न केलं. त्याबद्दल दोघांनाही वाळीत टाकलं गेलं. कर्व्यांनी नंतर विधवांसाठी आश्रम काढला आणि स्त्रियांचं विद्यापीठही. त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला तिकीट निघालं, तेव्हा ते हयात होते. या दोन तिकिटांना जोडणारी बाई मात्र दोन्हीवर नाही. म्हणून तिकीट नुसतं बघायचं नसतं, त्याच्या आजूबाजूला कोण होतं तेही विचारायचं असतं.

शेवटी आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आजी उठल्या. त्यांनी आणलं होतं निळं आंतरदेशीय पत्र. त्यावर तिकीट चिकटवावं लागत नाही, छापलेलंच असतं. थोरल्या बहिणीनं सासरहून पाठवलेलं. आजी म्हणाल्या, "ह्यात लिहिलंय, मी खुशाल आहे. पण ती खुशाल नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं. लिहून द्यायचा तिचा दीर, वाचून दाखवायचे पोस्टमन. मग खरं कसं लिहिणार?" बैठकीत कुणी काही बोललं नाही. आजी आता पावतीवर अंगठा देत नाहीत, सही करतात. गटातल्या पोरींनीच त्यांना शिकवलंय.

आता थोडं कामाचं. जुनी पत्रं चुलीत घालू नका. पाकिटावर पोस्टाचा शिक्का नीट दिसत असेल, तर पाकीट आहे तसंच ठेवा. त्याचं मोल जास्त. तिकीट काढायचंच असेल, तर कागदासकट कापा, साध्या पाण्यात भिजवा, सुटलं की कागदावर उलटं वाळवा आणि जाड पुस्तकात दाबून ठेवा. ओढून काढू नका. वहीत गोंदानं चिकटवू नका.

आणि पोरांसाठी एक गोष्ट. तिकिटं जमवणाऱ्या सहावी ते नववीच्या मुलामुलींसाठी पोस्टाची दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६००० रुपये. २०१७ साली ती सुरू झाली. त्यासाठी शाळेत तिकीट जमवणाऱ्यांचा क्लब असावा लागतो. तो नसेल, तर पोस्टात मुलाच्या नावानं फिलाटेलीचं खातं काढता येतं. आधी लेखी परीक्षा होते, मग प्रकल्प करावा लागतो. यंदाची तारीख जवळच्या मोठ्या पोस्टात विचारा. पोरगा असो की पोरगी, विचारायला आपणच जायचं.

तुमच्या गटातही एक बैठक तिकिटांची करा. कुणाकडे काय निघेल, सांगता येत नाही. आणि जिला अजून अंगठा द्यावा लागतो, तिच्या हाती त्याच दिवशी पाटी-पेन्सिल द्या. आपल्या मनातलं आपल्याच हातानं लिहिता आलं पाहिजे.