तामागोची : खिशातलं पिल्लू

तामागोची हे जपानी खेळण्यातलं पिल्लू आहे, श्रोतेहो.
बांदाई कंपनीने ते १९९६ साली बाजारात आणलं.

अंड्याच्या आकाराचं खेळणं.
इवलासा पडदा. खाली तीन बटणं.

पडद्यावर अंडं फुटतं, पिल्लू बाहेर येतं.
मग त्याला भरवायचं. त्याच्याशी खेळायचं.
घाण केली, की साफ करायची.
आजारी पडलं, की औषध द्यायचं.
झोपलं, की दिवा मालवायचा.

काळजी घेतली, तरच पिल्लू जगतं.

भूक लागली, की ते पीप-पीप करून बोलावतं.
वर्गातसुद्धा!
म्हणून अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली.

दुर्लक्ष झालं, तर पिल्लू मरायचं.
मुलं खरोखर रडायची.
त्या रडण्याला हसणं बरोबर नव्हे.
काळजी घेतली, तरच पिल्लू जगतं, हे त्यांनी मनापासून मानलेलं असायचं.

मोबाइलवरच्या ‘माय टॉकिंग टॉम’ या अशाच खेळातला बोका मात्र मरत नाही.
अगदी लहान मुलांसाठी हेच बरं.