भागीदारीच्या करारात कामगार कोठे असतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)

दोन कंपन्या भागीदारी करतात तेव्हा भांडवल कोणी किती घालायचे, तंत्रज्ञान कोणी द्यायचे, संचालक मंडळावर कोणाची किती माणसे, हे सारे करारात तपशिलाने नोंदलेले असते. ज्याच्या श्रमावर ही भागीदारी चालायची तो कामगार मात्र त्या कराराचा पक्षकार नसतो. मारुतीचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

1981 मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ऑक्टोबर 1982 मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि 26 टक्के भाग तिच्याकडे गेले. या भागीदारीने काहीच दिले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नवे तंत्र आले, सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. गुरगावच्या कारखान्यात साहेब आणि मजूर एकाच गणवेशात, एकाच उपाहारगृहात जेवू लागले. आपल्या कारखान्यांतील जातिव्यवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही.

पुढे सुझुकीचा वाटा 1987 मध्ये 40 टक्के, 1992 मध्ये 50 टक्के झाला. 2002 मध्ये नियंत्रण तिच्या हाती गेले आणि 2007 मध्ये सरकार पूर्णपणे बाहेर पडले. कामगाराच्या दृष्टीने मालक बदलला. कायद्याच्या दृष्टीने नव्हे. अख्खा उद्योग दुसऱ्याकडे गेल्यास कामगारांना भरपाई देण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. परंतु केवळ भागांची मालकी बदलली, तर कंपनी तीच राहते, म्हणून मालकही तोच मानला जातो. बाल्कोचे 51 टक्के भाग स्टरलाइटला विकले गेले तेव्हा कामगारांनी 67 दिवस संप केला. डिसेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशा विक्रीपूर्वी आपले म्हणणे ऐकून घेतले जावे, असा हक्क कामगारांना नाही.

आता दुसरी बाजू पाहा. 2014 मध्ये मारुतीने जाहीर केले, की गुजरातमधील नवा कारखाना संपूर्णपणे सुझुकीच्या मालकीची वेगळी कंपनी चालवील आणि मारुती तिच्याकडून मोटारी घेईल. गुंतवणूकदार संस्थांनी हरकत घेतली. तेव्हा अल्पसंख्य भागधारकांचे मतदान घ्यावे लागले. ते डिसेंबर 2015 मध्ये पार पडले. मोटार तीच, मानचिन्ह तेच, पण गुजरातचा कामगार आणि हरियाणाचा कामगार यांचे मालक तेव्हा कागदोपत्री निराळे झाले. ही विभागणी संघटनेला किती जाचक ठरेल, याविषयी कोणाही कामगाराला विचारण्यात आले नाही.

मानेसरला जे घडले ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. तेथे कायम कामगाराच्या शेजारी त्याच साखळीवर कंत्राटी कामगार पुष्कळच कमी वेतनावर उभा असे. चहाची सुट्टी जेमतेम सात मिनिटांची. जून 2011 मध्ये स्वतःच्या संघटनेच्या मागणीसाठी 13 दिवस संप झाला. ऑगस्टअखेरीस सद्वर्तनाच्या हमीपत्रावर सही केल्याखेरीज फाटकातून आत प्रवेश नाही, असा हुकूम निघाला. जुलै 2012 मध्ये कारखान्यात हिंसाचार होऊन एका अधिकाऱ्याचा बळी गेला. त्याचे समर्थन कोणीही करू नये. त्यानंतर 546 कायम कामगार बडतर्फ झाले. 2017 मध्ये 13 जणांना जन्मठेप झाली आणि 117 जण निर्दोष सुटले; मात्र त्यांच्यापैकी अनेकांनी तोवर कित्येक वर्षे तुरुंगात काढली होती.

या सर्वांत ऑक्टोबर 2011 चा संप मागे पडला. कंत्राटी सहकाऱ्यांना कामावर परत घेतले जात नाही, म्हणून मानेसरचे कायम कामगार कारखान्यातच ठिय्या देऊन बसले. त्यांच्या पाठिंब्यासाठी सुझुकी पॉवरट्रेन, सुझुकी कास्टिंग्ज आणि सुझुकी मोटरसायकल येथील कामगारांनीही काम थांबवले. कागदावर त्या वेगवेगळ्या कंपन्या होत्या आणि या कामगारांचा मारुतीशी कोणताच करार नव्हता.