रोहिणीचं पाणी

(घाटकोपरच्या वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या रविवारी इथंच चादर ताणून आपण कॉनराड रुक्सचा 'सिद्धार्थ' पाह्यला. १९७२ चा पिक्चर. पडद्यावर नाव आलं तशी पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले. तिला वाटलं, आपला सिद्धार्थ. तो आपला नव्हता. हेर्मान हेसेच्या १९२२ च्या कादंबरीतला तो बामणाचा पोरगा. बुद्धाला भेटतो, ऐकतो, आणि संघात जात नाही. जातो त्याचा दोस्त गोविंद. हा बाई, पैसा सगळं भोगून शेवटी नदीवर येतो, वासुदेव नावाड्याजवळ. नदी त्याला शिकवते : सगळं वाहतं, सगळं परत येतं, शोधणं सोड.

चित्र देखणं आहे, खोटं कशाला बोलू? बर्गमनचा कॅमेरावाला स्वेन निक्विस्ट, त्यानं गंगा अशी टिपलीय की डोळा हलत नाही. हेमंतकुमारचं बंगाली गाणं मी गोदीत दोन दिवस गुणगुणत होतो. पण मीसुद्धा पाण्याच्या काठालाच राबतो. पाण्याकडं टक लावून बसलो तर मुकादम खाडा मांडतो.

आता बाबासाहेबांची नदी बघा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', १९५७ साली छापलेला. त्यातला सिद्धार्थ म्हातारा, रोगी, प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीचं पाणी शेताला आधी कुणी घ्यायचं, यावरून शाक्य आणि कोलियांत मारामारी होते. सेनापती युद्ध मागतो. २८ वर्षांचा सिद्धार्थ उभा राहून म्हणतो, दोघं आपले निवडा, दोघं त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. त्याचं कुणी ऐकत नाही. लढायला नकार देतो, तर शिक्षा काय? फाशी किंवा देशत्याग. नाहीतर घरच्यांवर बहिष्कार, जमीन जप्त. बहिष्कार! हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागतो का? मग तो परिव्रज्या घेतो.

म्हणजे आपल्या सिद्धार्थाची नदी पाणीवाटपाची आहे. १९२७ ला महाडच्या तळ्यावर तोच सवाल होता.

आणि आपली मिठी? विहार-पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघते, अंधेरी-कुर्ल्यातून माहीमला जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ती घराघरात शिरली. पुढं नदी रुंद करायची म्हणून काठच्या झोपड्या मोडल्या. सगळं परत येतं म्हणणाऱ्यानं त्या झोपडीवाल्यांना विचारावं.

पिक्चर पुन्हा लावू, माझी ना नाही. आधी रोहिणीचं प्रकरण मोठ्यानं वाचू. ती म्हातारी मधेच उठून गेली, नळाला पाणी आलं म्हणून. तेव्हा पुढल्या बैठकीची वेळ तिच्या नळाची वेळ विचारून ठरवा.