आईबापांच्या नांवें छापलेली पोथी

आपल्याकडे पुष्कळ घरीं देव्हाऱ्याशेजारीं तांबड्या फडक्यांत बांधलेली एखादी पोथी असते. चातुर्मासांत ती निघते, तिला गंधफूल वाहिलें जातें, आणि पुन्हां ती फडक्यांत जाते. आज मी आपणांस अशा एका पोथीची हकीकत सांगणार आहें कीं, जी छापली गेली चीन देशांत, पण जिचा मूळ ग्रंथ आपल्या भरतखंडांतला व संस्कृत भाषेंतला आहे. त्याचें नांव 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता'.

श्रावस्तीच्या जेतवनांत भगवान् बुद्ध आणि त्यांचा शिष्य सुभूति यांचा संवाद या महायान ग्रंथांत आहे. पांचव्या शतकाच्या आरंभीं कुमारजीव नांवाच्या पंडितानें त्याचें चिनी भाषांतर केलें. या भाषांतराची लांकडी ठशांवरून छापलेली एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. तिच्या शेवटची मिति इ. स. ८६८ च्या ११ मे या तारखेशीं जुळते. छपाईची मिति असलेल्या उपलब्ध संपूर्ण ग्रंथांत याहून जुना ग्रंथ जगांत नाहीं. युरोपांत गुटेनबर्गनें बायबल छापलें, तें यानंतर जवळजवळ सहाशें वर्षांनीं.

हिचा आकार आपल्या जन्मपत्रिकेसारखा, गुंडाळीचा आहे. सात ताव एकापुढें एक चिकटवून ती सुमारें सोळा फूट लांब केलेली आहे. पहिल्या तावावर चित्र आहे. मध्यभागीं उपदेश करणारे बुद्ध, भोंवतीं भिक्षु आणि देवगण, व डावीकडे खालच्या कोंपऱ्यांत गुडघा टेकून हात जोडलेला वृद्ध सुभूति. रेघा इतक्या सफाईदार आहेत कीं, कारागिरांचा हात तोंपर्यंत चांगलाच मुरलेला होता, हें पाहणाऱ्यास सहज कळतें.

छपाईची रीति अशी होती. पातळ कागदावर मजकूर लिहून तो कागद पालथा करून फळीवर चिकटवीत. म्हणजे अक्षरें उलटीं दिसत. मग कारागीर भोंवतालचें लांकूड कोरून काढी व अक्षर तेवढें उंच ठेवी. त्यावर शाई लावून कागद पसरावयाचा आणि पाठीवरून कुंचला घासावयाचा, कीं छाप उमटला! यंत्र मुळींच नाहीं. एकदां फळी तयार झाली कीं पुष्कळ प्रती निघत.

एवढी खटपट कशासाठीं? पोथीच्या अखेरीस त्याचें उत्तर आहे. वांग चिए नांवाच्या गृहस्थानें आपल्या आईबापांच्या नांवें, सर्वांस फुकट वांटण्यासाठीं, ती छापविली. ग्रंथांतहि हेंच सांगितलें आहे कीं, रत्नांच्या राशी दान करण्यापेक्षां यांतल्या चार ओळी दुसऱ्यास समजावून देण्याचें पुण्य अधिक आहे.

अकराव्या शतकाच्या आरंभीं तुनहुआंगच्या लेण्यांतील हजारों ग्रंथांनीं भरलेली एक खोली भिंत घालून बंद करण्यांत आली. ती १९०० सालीं एका साधूस सांपडली. १९०७ मध्यें ऑरेल स्टाइन यांनीं तेथून पुष्कळ ग्रंथ नेले, त्यांत ही पोथी होती. या नेण्याबद्दल चिनी विद्वानांच्या मनांत अजून राग आहे.

श्रोतेहो, माझ्या वडिलांनीं स्वहस्तें लिहिलेली एक पोथी आमच्या घरीं होती. शाळेंतल्या एका विद्यार्थ्यानें ती उतरून घेण्यास मागितली. झिजेल, हरवेल, या भीतीनें मीं दिली नाहीं. पुढें माळ्यावरच्या पेटींत वाळवीनें तिचा भुगा केला. त्या मुलाच्या वहींत तरी ती आज राहिली असती! वडिलांची आठवण म्हणून मीं पोथी कोंडून ठेवली. आईबापांची आठवण म्हणून वांग चिएनें ती वांटली.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही प्रत वांचली ती कोंडल्यामुळेंच ना? खरें आहे. पण वांटावयाचें मनांत नसतें तर कोंडावयास ती प्रतच निघाली नसती. आज तिचीं छायाचित्रें संगणकावर कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. त्या गृहस्थाचें वांटप अद्याप चाललेंच आहे म्हणावयाचें.

आपल्या घरच्या पोथीचें फडकें एकदां सोडून पाहा. तिला गंधफूल अवश्य वाहा. पण कोणी वाचावयास किंवा उतरून घ्यावयास मागितली, तर माझ्यासारखें नाहीं म्हणूं नका.