नाक, उंची आणि आडनाव

(चामराजपेट, बंगळुरू इथे मराठी पदवीधरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



याच चामराजपेटेत तीन वर्षांपूर्वी मी खोली शोधत होते. घरमालकीणबाई मराठीच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या. चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव. ते ऐकून म्हणाल्या, ‘अगं, पण तू त्यांच्यातली वाटत नाहीस.’ खोली मिळाली नाही. हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. बाई माझ्या चेहऱ्यात नेमकं काय शोधत होत्या?

हा शोध जुना आहे. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून सांगायचा, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. बाबासाहेबांनी मापांना मापांनीच उत्तर दिलं. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या पुस्तकात त्यांनी घुर्ये यांच्या ग्रंथातली नाकाची मापं घेतली आणि निष्कर्ष काढला, की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच, वंश एकच.

मग जनुकांत जातीची खूण नाहीच का? आहे. इथं घाईनं ‘नाही’ म्हणू नका, समोरचा तिथंच पकडतो. कल्याणी इथल्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलं, की आधी भारतातले गट एकमेकांत सर्रास मिसळत होते आणि सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, विशेषतः वरच्या जातींत, ही सरमिसळ थांबली. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न, हे बाबासाहेबांनी मे १९१६मध्येच कोलंबियात मांडलं होतं. आधी लग्नं अडवली, मग भेद साठत गेले.

बंद गटाची किंमत सगळेच मोजतात. जळगावच्या केळीबागांत बहुतेक एकाच ग्रँड नैन वाणाची रोपं. एकाला झेपणार नाही तो रोग सगळ्या बागेलाच झेपत नाही. माणसांतही तेच. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेलं स्नायू सैल करणारं एक औषध लवकर उतरत नाही, कारण एक जनुकीय दोष त्या बंद गटात साचलाय. त्याला वर-खाली कळत नाही.

उंचीची गोष्ट वेगळी. माझी आजी चार फूट आठ इंच, मी पाच तीन. दोन पिढ्यांत जनुकं किती बदलणार? बदललं ते ताट: समाजकल्याण वसतिगृहातलं दोन वेळचं जेवण, घरी आलेला नळ. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण त्याहून जास्त. ही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्याही अंगावरून कुणीतरी जात ओळखू पाहील, आणि आपली नजर बरोबर होती असं समजेल.

मला पुढे दोन गल्ल्या सोडून खोली मिळाली. मालकानं आडनाव विचारलं नाही. दहा महिन्यांचं भाडं मात्र आगाऊ घेतलं.